इंजिनाला श्वास देणारा : विल्हेल्म मायबाख

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला हवा किती लागते, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेकांची उत्तरे चुकतील. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. आणि हवा फार हलकी असल्यामुळे मापाने हा आकडा जवळजवळ ९,००० लिटरांवर जातो. आपण गाडीत पेट्रोल भरतो असे म्हणतो खरे, पण गाडी खाते त्यातला फार मोठा वाटा हवेचा असतो. ती फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही, एवढेच.

हा हिशेब चुकला की काय होते ते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मालकांना चांगले ठाऊक आहे. पणजीला सुरळीत चालणारी कार्बुरेटरची गाडी चोर्ला घाट चढून बेळगावात आली की किंचित जड वाटू लागते, पेट्रोलही थोडे जास्त पिते. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंचीवर. येथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा शेकडा सातएक टक्के विरळ. हवा कमी झाली, पण पेट्रोल त्या मानाने कमी झाले नाही. मग जाणता मिस्त्री बॉनेट उघडतो, एअर फिल्टर काढून झटकतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो आणि कार्बुरेटरचा एक लहानसा स्क्रू पाव आटा फिरवतो. तो स्क्रू ज्या वस्तूवर असतो त्या कार्बुरेटरची मूळ कल्पना मोटारीत रुजवणाऱ्या माणसाची ही हकिगत आहे.

विल्हेल्म मायबाखचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात, हाइलब्रोन या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात पाच भाऊ. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई वारली आणि त्यानंतर दोनच वर्षांत वडीलही गेले. दहा वर्षांचा मुलगा अनाथ झाला. नातेवाइकांची ऐपत बेताची. या पोरक्या मुलांना कोणी आश्रय द्यावा अशी विनंती त्यांना वर्तमानपत्रातून करावी लागली. ती रॉइटलिंगेन येथील गुस्टाव्ह वेर्नर या धर्मोपदेशकापर्यंत पोचली आणि त्यांनी विल्हेल्मला आपल्या ‘ब्रूडरहाउस’ या संस्थेत घेतले.

ब्रूडरहाउस म्हणजे नुसते अन्नछत्र नव्हते. अनाथ मुलांनी आणि अपंगांनी काम शिकावे, त्या कामावर जगावे, या विचाराने वेर्नर यांनी तेथे कारखाना चालवला होता. त्या कारखान्यात कागदाची यंत्रे, शेतीची अवजारे, तराजू असा नाना तऱ्हेचा माल तयार होई. विल्हेल्मचा हात रेखाटनात चांगला आहे हे वेर्नर यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या खोलीत बसवले. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात गावातल्या शाळेत गणित व पदार्थविज्ञानाचे जादा तास, असा त्याचा क्रम सुरू झाला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. पुढे आयुष्यभर त्याने जे केले ते या खोलीत शिकलेल्या एका सवयीच्या जोरावर: आधी मोजावे, मग रेघ ओढावी.

१८६३ मध्ये या कारखान्याचा प्रमुख म्हणून गॉटलिब डाइम्लर आला. तो विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठा, तंत्रशाळेत शिकलेला, परदेश पाहिलेला आणि अतिशय महत्त्वाकांक्षी. नकाशाच्या टेबलाशी वाकून बसलेल्या या अबोल मुलाची बुद्धी त्याने नेमकी हेरली. दोघांची जोडी जमली ती डाइम्लरच्या मरणापर्यंत टिकली. डाइम्लर १८६९ मध्ये कार्ल्सरूहेच्या यंत्रकारखान्यात गेला, तेव्हा काही महिन्यांत मायबाखही तेथे पोचला. डाइम्लर १८७२ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस इंजिनांच्या कारखान्यात गेला, तेव्हाही मायबाख त्याच्यामागून गेला आणि तेथे मुख्य आरेखक झाला. निकोलाउस ऑटो आणि ऑयगेन लांगेन हे त्या कारखान्याचे चालक. १८७६ मध्ये ऑटोने आपले प्रसिद्ध चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. हवा व गॅस आत ओढणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे हे ते चार टप्पे. आपण आजही यालाच ‘ऑटो चक्र’ म्हणतो. पण प्रयोगशाळेतले इंजिन आणि गिऱ्हाइकाला विकण्याजोगे इंजिन यांत मोठे अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम मायबाखच्या टेबलावर झाले.

हे इंजिन गॅसवर चालणारे, अवजड आणि एका जागी बसवलेले होते. नळाने येणारा गॅस सोडून ते कोठे जाऊ शकत नव्हते. डाइम्लरला मात्र रस्त्यावर, पाण्यावर आणि जमले तर हवेतही चालणारे इंजिन हवे होते. मालकांशी त्याचे पटेना. १८८२ मध्ये त्याने डॉइट्झ सोडले आणि श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे एक बंगला घेतला. मायबाखही बायको-मुलांसह तेथे आला. बंगल्याच्या बागेत झाडांसाठी काचेचे घर होते, तेच वाढवून दोघांनी आपली कार्यशाळा केली. दिवसरात्र दार लावून आत काय चालते म्हणून बागेच्या माळ्याला संशय आला. हे लोक खोटी नाणी पाडत असावेत असे वाटून त्याने पोलिसांना कळवले आणि पोलिसांनी येऊन झडती घेतली, अशी गोष्ट सांगतात. हाती लागली ती फक्त अवजारे आणि इंजिनाचे भाग.

या काचघरात १८८५ पर्यंत एक लहान, हलके, उभ्या घडणीचे इंजिन तयार झाले. त्याचा आकार भिंतीशी उभ्या असलेल्या जुन्या घड्याळासारखा, म्हणून त्याला ‘आजोबांचे घड्याळ’ असेच नाव पडले. ते त्यांनी लाकडी सांगाड्याच्या एका दुचाकीवर बसवले. १८८५ च्या नोव्हेंबरात ती दुचाकी कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत तीन किलोमीटर धावली. पुढच्या वर्षी असेच इंजिन घोडागाडीवर चढले.

आता खरी अडचण पाहा. गॅसचा नळ सुटला, त्याच्या जागी पेट्रोल आले. पण द्रवरूप पेट्रोल इंजिनात जळत नाही. त्याची वाफ वा बारीक तुषार होऊन ते हवेत मिसळावे लागते, आणि तेही योग्य प्रमाणात. त्या काळची युक्ती साधी होती. एका भांड्यात पेट्रोल ठेवायचे आणि इंजिन ओढील ती हवा त्या पेट्रोलवरून जाऊ द्यायची. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतरावरून वारा जावा आणि ओल घेऊन जावा, तसाच हा प्रकार. मायबाखने त्यात तरंगता गोळा घालून पातळी सांभाळण्याची सोय केली होती. तरी मूळ दोष जाईना. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. पेट्रोलमधला हलका अंश आधी उडून जाई आणि तळाशी न उडणारा जड अंश साचे. खड्ड्यात चाक गेले की भांडे हिंदकळे आणि सगळे प्रमाण बिघडे. इंजिन एका ठराविक गतीने चालले तर ठीक. वेग कमी-जास्त करू म्हटले की ते कुरकुरे. सडकेवर तर वेग क्षणोक्षणी बदलतो. म्हणजे मोटारगाडीचे भवितव्य या एका भांड्यात अडकले होते.

ही गाठ सुटली ती मायबाखच्या आयुष्यातल्या एका कठीण काळात. १८९० मध्ये भांडवलदारांना भागीदार घेऊन ‘डाइम्लर मोटोरेन गेझेलशाफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. भांडवल आले आणि सत्ता त्यांच्या हाती गेली. नव्या मालकांना एका जागी बसवायची इंजिने विकण्यात रस होता. मोटारगाडी हे त्यांच्या मते खर्चाचे खूळ होते. मायबाखपुढे त्यांनी ज्या अटी ठेवल्या त्या स्वीकारण्यासारख्या नव्हत्या. १८९१ च्या फेब्रुवारीत त्याने कंपनी सोडली. वय पंचेचाळीस, पदरी संसार, हाती पदवी नाही.

डाइम्लरने मात्र त्याला सोडले नाही. आपल्या पैशाने त्याचे काम चालू ठेवले. पहिले काही महिने मायबाख आपल्या राहत्या घरातच रेखाटने करीत होता. १८९२ च्या शरदात डाइम्लरने कानश्टाटमधल्या बंद पडलेल्या हॉटेल हेर्मानचा बागेतला मोठा दिवाणखाना भाड्याने घेतला आणि तेथे ही छोटी मंडळी कामाला लागली. जेथे पूर्वी गावकरी नाचगाण्याला जमत, तेथे लेथ बसली. या ठिकाणी ‘फिनिक्स’ हे नवे इंजिन आकाराला आले आणि त्यासाठी मायबाखने १८९३ मध्ये तुषार उडवणारा कार्बुरेटर तयार केला.

त्याची कल्पना समजायला सोपी आहे. डासांवर औषध मारायचा जुना फ्लिटचा पंप आपण पाहिला असेल. दांडा दाबला की नळीच्या तोंडावरून हवा जोराने जाते, तेथला दाब उतरतो, डब्यातले औषध आपोआप वर चढते आणि तुषार होऊन उडते. मायबाखने दांड्याचे काम इंजिनाच्या पिस्टनवर सोपवले. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. त्या हवेची वाट मध्येच अरुंद केली की तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. नेमक्या त्या जागी पेट्रोलच्या बारीक नळीचे, म्हणजे जेटचे, तोंड ठेवायचे. शेजारच्या लहान डबीत फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वाढले की तो वर येऊन सुई दाबतो आणि आवक बंद होते, कमी झाले की आवक सुरू होते. त्यामुळे पेट्रोलची पातळी जेटच्या तोंडाच्या किंचित खाली राहते. इंजिन ओढील तेव्हाच पेट्रोल वर येणार, जास्त ओढील तर जास्त येणार. इंजिनाने आपल्या श्वासानेच आपला घास मोजून घ्यावा, अशी ही योजना होती.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याच १८९३ साली, मायबाखच्या पेटंटच्या आधी काही महिने, बुडापेस्टमध्ये बांकी डोनाट आणि चोंका यानोश या दोन हंगेरियन अभियंत्यांनी याच तत्त्वावरच्या कार्बुरेटरची नोंद केली होती. त्यांचा अर्ज फेब्रुवारीतला, मायबाखचा ऑगस्टमधला. हंगेरीत आजही या शोधाचा मान त्यांनाच देतात, आणि तो वाजवी आहे. दूरदूरची माणसे एकाच वेळी एकाच उत्तराशी पोचतात असे विज्ञानात अनेकदा घडते. मायबाखचे वैशिष्ट्य असे की, कार्बुरेटर ही सुटी वस्तू न मानता इंजिन, गाडी आणि रस्ता या सर्वांच्या हिशेबात तो त्याने बसवला, आणि पुढे सुधारत नेला.

फिनिक्स इंजिनाची कीर्ती इंग्लंडपर्यंत गेली. तेथील उद्योजक फ्रेडरिक सिम्सने त्याच्या हक्कासाठी साडेतीन लाख मार्क देऊ केले, पण अट घातली की डाइम्लरला कंपनीत परत घ्यावे. अशा रीतीने १८९५ मध्ये डाइम्लर आणि त्याच्याबरोबर मायबाख मानाने परतले. ज्या माणसाला दाराबाहेर काढले होते, तोच आता कंपनीचा तांत्रिक प्रमुख झाला.

मार्च १९०० मध्ये डाइम्लर वारला. त्याच महिन्यात फ्रान्समधील नीसजवळच्या चढावाच्या शर्यतीत कंपनीच्या उंच, जड गाडीला अपघात होऊन चालक विल्हेल्म बाउअर मरण पावला. शर्यती बंद कराव्यात असे कंपनीत बोलले जाऊ लागले. नीसला राहणारा एमिल येलिनेक हा व्यापारी या गाड्यांचा मोठा गिऱ्हाईक होता. त्याने उलट मागणी केली: गाडी लांब, रुंद आणि बुटकी करा, इंजिन हलके आणि जोरदार करा, आणि तिला माझ्या मुलीचे नाव द्या. छत्तीस गाड्यांची मागणी त्याने एकदम नोंदवली. मुलीचे नाव होते मर्सिडीज.

त्या एका वर्षात मायबाखने जी गाडी तयार केली तिला आधुनिक मोटारीची पहिली प्रत मानतात. चार सिलिंडर, सुमारे सहा लिटरांचे इंजिन, ३५ अश्वशक्ती. समोर मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे सिलिंडरांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र कार्बुरेटर दिला, म्हणजे हवेची ओढाताण होऊ नये. दुसरी गोष्ट हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची. पूर्वी हा व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगवर असे आणि पिस्टनच्या ओढीने आपणहून उघडे. म्हणजे तो उशिरा उघडे, अर्धवट उघडे आणि इंजिन वेगात आले की त्याची दमछाक होई. मायबाखने तो कॅमशाफ्टने उघडायला लावला. नेमक्या क्षणी दार उघडणार, नेमक्या क्षणी मिटणार. इंजिनाचा श्वास नियमित झाला. ३०० ते १,००० फेऱ्यांपर्यंत हव्या त्या वेगाने ते चालकाच्या हुकमात राहू लागले. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने सर्वांना मागे टाकले. फ्रेंच लोक मायबाखला ‘रचनाकारांचा राजा’ म्हणू लागले.

तरी त्याचे समाधान नव्हते. साध्या कार्बुरेटरमध्ये एक खोड असते: ओढ वाढली की हवेपेक्षा पेट्रोल अधिक प्रमाणात वाढते आणि वेगात मिश्रण घट्ट होते. १९०२ च्या ‘सिम्प्लेक्स’ गाडीसाठी त्याने सरकत्या झडपेचा कार्बुरेटर करून हवेचे प्रमाण वेगाबरोबर राखण्याचा यत्न केला. त्याच साली फ्रान्समध्ये आर्थर क्रेब्सने जादा हवा आपोआप आत येईल अशी योजना केली. पुढच्या काळात कार्बुरेटरमध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील बहुतेकांचा रोख याच एका प्रश्नावर आहे.

डाइम्लरच्या मागे मायबाखला कंपनीत कोणी वाली उरला नव्हता. त्याला हळूहळू मुख्य कामातून बाजूला सारण्यात आले आणि १९०७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने कंपनी कायमची सोडली. विचार केला तर चमत्कारिक वाटते. कंपनीला नाव डाइम्लरचे, गाडीला नाव एका व्यापाऱ्याच्या मुलीचे, आणि ज्याच्या टेबलावर हे सारे जन्मले त्याचे नाव कोठेच नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९०८ च्या ऑगस्टात एख्टरडिंगेन येथे काउंट झेपेलिनचे वायुयान वादळात जळून खाक झाले. त्यानंतर मायबाखने झेपेलिनशी संपर्क साधला आणि वायुयानांसाठी चांगली इंजिने करण्याची तयारी दाखवली. १९०९ मध्ये नवी कंपनी निघाली. तिचा तांत्रिक प्रमुख होता त्याचा मुलगा कार्ल. आणि आता प्रश्न पुन्हा हवेचाच होता, फक्त तो अडीच हजार फुटांचा नव्हता, कित्येक हजार फुटांचा होता. वर गेल्यावर हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही, शक्ती गळते. पहिल्या महायुद्धात कार्लने असे इंजिन रचले की त्याचे सिलिंडर मोठे आणि दाब जास्त. जमिनीलगत त्याला पूर्ण हवा घेऊच द्यायची नाही, थ्रॉटल अर्धवटच उघडायची, आणि उंचावर पोचल्यावर ती पूर्ण खुली करायची. ज्या प्रमाणाचा ध्यास बापाने घेतला, तोच मुलाने आकाशात नेला.

१९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने, महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाला सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. युद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिने करण्यास बंदी झाली, तेव्हा कार्लने मोटारी करायला घेतल्या. १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मायबाख’ हे नाव प्रथमच एका मोटारगाडीवर झळकले. तेव्हा विल्हेल्म पंचाहत्तर वर्षांचा होता. १९२९ च्या ऑगस्टात ‘ग्राफ झेपेलिन’ या वायुयानाने पाच मायबाख इंजिनांच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी विल्हेल्म मायबाखने देह ठेवला. कानश्टाटच्या दफनभूमीत, डाइम्लर जेथे विसावला आहे तेथेच, त्याचीही समाधी आहे.

आता कार्बुरेटर मागे पडला आहे. नव्या मोटारींतून तो केव्हाच गेला आणि २०२० मध्ये आपल्या देशात प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर नव्या दुचाकींतूनही जवळजवळ हद्दपार झाला. त्याचे काम आता संवेदक आणि संगणक करतात. पण ते काम तेच आहे, हवा मोजायची आणि तिच्या मानाने पेट्रोल द्यायचे. जुन्या गाड्या जिवापाड जपणारी मंडळी मात्र अजून आहेत, आणि त्यांतील काहींना वाटते की मोठा कार्बुरेटर बसवला की गाडी पळेल. बहुधा तसे होत नाही. वाट फार रुंद झाली की कमी वेगात हवेचा झोत मंदावतो, ओढ कमी पडते आणि पेट्रोलचे तुषार न होता थेंब होतात. त्याऐवजी धुळीने भरलेला फिल्टर बदलावा, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरटी हवा शिरते का ते पाहावे, थ्रॉटलचा दांडा झिजला आहे का ते तपासावे, फ्लोटची पातळी मोजावी, आणि बॉनेटखालच्या तापलेल्या, विरळ झालेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा आत येईल असे करावे. नवे काही जोडण्यापूर्वी असलेले प्रमाण दुरुस्त करावे. मायबाखच्या साऱ्या कामाचे सार एवढेच आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण लहान गावांतून, बेताच्या परिस्थितीतून येथे शिकायला आले आहेत. काहीजण दिवसा काम करून शिकत आहेत. आपले नाव कोठे लागेल, पाटीवर कोणाचे असेल, ही चिंता या वयात साहजिक आहे. दहाव्या वर्षी पोरका झालेल्या त्या मुलाने ती चिंता फारशी केलेली दिसत नाही. त्याला जे टेबल मिळाले, त्यावर त्याने नीट मोजून रेघ ओढली. नाव मागाहून आले, उशिराच आले. तोपर्यंत त्याने श्वास दिलेली इंजिने जगभर धावू लागली होती.